सुलभकांसाठी थोडं सुलभ

तंत्रज्ञानाधारित प्रकल्प-पद्धतीच्या प्रशिक्षणाला सुलभक म्हणून, म्हणजे शिकवणारे म्हणून, तुमचं नाव आलंय ना? घाबरू नका. राज्यस्तरावर ज्यांनी ऐकलं त्यांनी जिल्ह्याला सांगितलं, जिल्ह्याने तालुक्याला, आणि आता तुम्ही केंद्रशाळेला सांगायचं. चहाची पूड तीच, पाणी चौथं. रंग आला म्हणजे झालं.

आदेश आदल्या रात्री साडेदहाला ग्रुपवर टाका. तयारीला वेळ मिळाला की शिक्षक प्रश्न घेऊन येतो.

सकाळी आधी बॅनर, मग प्रोजेक्टर. एक्स्टेंशन बोर्डात पिन सैल बसत असेल तर जुन्या परिपत्रकाची घडी करून खोचा. परिपत्रकाचा इतका थेट उपयोग पुन्हा होणे नाही. बिल थकल्यामुळे शाळेची वीजच तोडलेली असेल, तर मोबाइल उंच धरून स्लाइड दाखवा. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

‘व्याख्यान पद्धतीचे तोटे’ ही स्लाइड मात्र घाईत उरकू नका, चांगला पाऊण तास समजावून सांगा. ‘मुलांना बोलतं करा’ या मुद्द्याला मागच्या बाकावर कुणी बोललं, तर तिथल्या तिथे गप्प करा. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणणाऱ्या डिसले गुरुजींचा फोटो हवाच. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, अर्थात क्यूआर कोड चांगला, इथे थांबा; तो कोड मुलांनी कशासाठी वापरायचा, या खोलात शिरू नका. निवृत्तीला आलेले एखादे गुरुजी उठून म्हणतील, हाताने काम करत शिकायचं हे गांधीजींनी १९३७ साली वर्ध्यात सांगितलंच होतं की! हसून सोडून द्या. सूत कातायच्या टकळीला लॉगिन नव्हतं.

जेवणानंतर गटकार्य. चार्ट पेपर वाटा. ज्या मॅडमचं अक्षर चांगलं त्या लिहितील, बाकीचे माना डोलावतील, एकजण कोपऱ्यात शालेय पोषण आहाराची माहिती भरत बसेल. बसू द्या, त्याची लिंक आजच बंद होतेय. प्रशिक्षणानंतरच्या चाचणीची उत्तरं ग्रुपवर आधीच फिरलेली असतात, त्यामुळे प्रगती शंभर टक्के दिसेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास मागतं. तासांचं आपण बघू, विकासाचं देव बघेल.

शेवटी प्रकल्प द्या: ‘पाणी बचत’. पीपीटी तयार मिळते. पण एखाद्या बाई गडबड करतात. सांगतील, आमच्या सहावीच्या पोरांनी शाळेचा गळका नळ धरला, मोबाइलवर वेळ लावली; १५ लिटरची बादली २० मिनिटांत भरली, म्हणजे दिवसाला १०८० लिटर. व्हिडिओ आणि हिशेब सरपंचांना पाठवला, नळ बदलून मिळाला. हे कुठल्या रकान्यात भरू, सर?

अशा वेळी आवाज चढवू नका. आधी फोटो मागा. फोटो आडवा हवा, बॅनर दिसायला हवं, वर जिओ टॅग. त्यांच्याकडे बॅनर नसणारच. आता काढायचा म्हटलं तर नळ गळत नाही. बाईंना समजावा, फोटो टाकायची लिंक शुक्रवारपर्यंत चालू आहे, जुना नळ ग्रामपंचायतीत पडलेला असेल, तेवढा दोन दिवसांपुरता परत बसवून घ्या.