२१.९८ आणि २१.४० यांच्या मधली वर्षं

पोहण्यातल्या पुनरागमनाचा विषय निघाला की बहुतेक जण फेल्प्सचं नाव घेतात. मला दर वेळी अँथनी अर्विन आठवतो.

२००० चं सिडनी ऑलिंपिक, ५० मीटर फ्रीस्टाइल. अर्विन आणि गॅरी हॉल ज्युनियर, दोघंही अमेरिकेचे, दोघांचंही टायमिंग २१.९८ सेकंद. सुवर्णपदक दोघांनाही मिळालं. अर्विन तेव्हा १९ वर्षांचा होता, टुरेट सिंड्रोम (शरीराला नकळत झटके येणारा मज्जासंस्थेचा विकार) असलेला मुलगा. पुढच्याच वर्षी तो फुकुओकाला ५० आणि १०० मीटरचा विश्वविजेता झाला आणि २००३ मध्ये त्याने शर्यती सोडल्या. पाण्यावरून मनच उडालं. नंतरची व्यसनं, नैराश्य याबद्दल तो स्वतःच मोकळेपणाने बोललाय. २००४ च्या त्सुनामीनंतर त्याने ते पदकसुद्धा लिलावात काढलं आणि आलेले १७ हजार डॉलर मदतीला दिले.

पुढे न्यूयॉर्कमध्ये तो लहान मुलांना पोहायला शिकवू लागला. त्याच्याबद्दल लिहिताना लोक हे एका वाक्यात उरकतात. मला तिथेच थांबावंसं वाटतं, कारण मी स्वतः नवशिक्या मुलांची बॅच घेते.

पहिल्या दिवशी मूल कडेचा पाइप इतका गच्च धरतं की बोटांची पेरं पांढरी पडतात. ती सोडवायची नसतात. आपण गुडघे वाकवून हनुवटीपर्यंत पाण्यात बसायचं, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला यायचं आणि बुडबुडे काढत राहायचं. मग एक दिवस ते कान पाण्यात टेकवून पाठीवर पडतं. माझा तळहात त्याच्या मानेखाली असतो आणि एका क्षणी हाताला त्याचं वजनच लागत नाही. पाण्याने आपल्याला उचललंय हे त्याला कळायच्या आधी मला कळतं.

पाण्याला विटलेल्या माणसाने हे रोज हाताखाली अनुभवलं. तो परत आला याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही. २०१२ ला लंडनमध्ये पाचवा आला. २०१६ ला रिओमध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्याच ५० मीटरमध्ये २१.४०! फ्रान्सचा मानोदू एक शतांश सेकंदाने मागे राहिला. ऑलिंपिक जलतरणात वैयक्तिक सुवर्ण जिंकणारा तो सर्वांत वयस्कर पुरुष ठरला.

आणि तरीही ‘करिअर संपलं की बेसिक बॅच घ्यायची’ असं आमच्याच क्षेत्रातले लोक म्हणतात. फार राग येतो मला याचा.

पालकांना कळकळीची विनंती आहे. सोळा वर्षांची पोर ‘मला आता पाण्यात जायचंच नाही’ म्हणाली, तर तिच्यासमोर आजवरच्या फीचा हिशेब मांडू नका. तिला थांबू द्या. तिची तयारी असेल तर महिनाभर छोट्यांच्या बॅचला मदतीला पाठवा, स्टॉपवॉच नाही अशा ठिकाणी.

माझ्याकडे अशी एक मुलगी येते. शर्यती सोडल्यात तिने, कारण मी विचारलेलं नाही. काल एका चिमुकल्याला पाठीवर तरंगवत होती. अचानक दोन्ही हात वर करून ओरडली, “मॅडम, सोडलं मी त्याला! बघा ना!”