जुनं चित्र दिसलं की म्हणे रवि वर्मा!

घरात जुनं तैलचित्र असलं की ते रवि वर्मांचंच, हे कुणी ठरवलं? आमच्या पणजोबांचं चित्र नेमकं कुणी काढलं, एवढंच मला शोधायचंय. ज्याला विचारावं तो छातीठोकपणे सांगतो, "रवि वर्मांचं आहे ते, आजोबा सांगायचे." अहो, पणजोबांच्या कोटावरचं पदक तरी नीट बघा! निळी फीत, मधोमध दोन बारीक लाल रेघा, खाली राजा-राणीचे चेहरे. ते १९११ च्या दिल्ली दरबारचं पदक आहे आणि रवि वर्मा १९०६ मध्येच वारले. एवढं सांगितलं तरी लोक तोंड फिरवतात, जसा काही मी घराण्याला बट्टा लावतेय.

या सवयीने किती चित्रकारांची नावं पुसली! म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधली ती हातात दिवा घेतलेली बाई आठवा. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी आपल्या मुलीला समोर उभं करून ती जलरंगात काढली. आजही निम्मं जग ते चित्र रवि वर्मांचं म्हणून पुढे पाठवतं. कोल्हापुरात आबालाल रहिमान होते, मुंबईत धुरंधर, त्रिंदाद, पेस्तनजी बोमनजी होते. मुंबईच्या जेजे कलाशाळेतून शिकून बाहेर पडलेले कितीतरी जण वकील-सावकारांची चित्रं काढून पोट भरत होते. त्यांच्यातल्याच कुणीतरी पणजोबांच्या कपाळावरची शीर इतकी जिवंत रंगवलीय. त्या माणसाला नाव नको?

आणि ते नाव सापडलंही असतं! चित्राच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू जास्त बोलते. कॅनव्हास विकणाऱ्याचा शिक्का, फ्रेमवाल्याची चिठ्ठी, कुणीतरी पेन्सिलीने खरडलेलं गाव. आमच्या काकांनी "जरा छान दिसू दे" म्हणून चित्र कोपऱ्यावरच्या दुकानात दिलं. त्या बाबाने जुनी फळी उखडून फेकली, मागे नवं प्लाय ठोकलं आणि तयार फ्रेमच्या मापात बसेना म्हणून खालून दोन बोटं कॅनव्हास कापून टाकला. खालून! जिथे चित्रकार सही करतात, तिथूनच! विचारायला गेले तर म्हणतो, "मागचं सगळं कुजलं होतं ताई, कशाला ठेवायचं?" माझा नुसता संताप झाला.

मालकीचं तर विचारूच नका. चित्र कोल्हापूरच्या वाड्यातून बेळगावला चुलत आजीकडे गेलं, तिथून पुण्याला आलं. कधी, कुणी दिलं, विकत की वाटणीत, कागदोपत्री काही नाही. वाटणीपत्रात जमिनीची गुंठ्यागुंठ्याने मोजणी आहे, तांब्याचे हंडे नगावारी लिहिलेत, आणि चित्रांसाठी फक्त "दिवाणखान्यातील तसबिरी". कुणाची तसबीर, कुणाच्या वाट्याला, काही नाही. पणजोबा पैन् पै लिहून ठेवणारे. चिताऱ्याला काय दिलं ते त्यांच्या किर्दीत, म्हणजे रोजच्या हिशोबाच्या वहीत, असणारच. पण त्या मोडीतल्या वह्या घरच्यांनी रद्दीत घातल्या. का, तर वाचता येत नाहीत! कोल्हापुरात मोडी वाचणारी माणसं आजही आहेत हो, एकदा विचारायचं तरी!

त्यात एक जुन्या वस्तूंचा व्यापारी मला सांगतो, "सही नसली तर घालून देऊ, भाव दुप्पट येईल." माझ्या पणजोबांच्या चित्रावर खोटी सही! तोंडावर सांगितलं, परत फोन करू नका.

आता मागचं प्लाय मी काढून घेणार आहे, जाणकार माणसाकडून. कॅनव्हासच्या मागे काही उरलं असेल तर ते बघायचंय. तोवर चित्राला कुणी हात लावायचा नाही. आणि काका, घरच्या ग्रुपवर तुम्ही टाकलेलं ते "आमच्याकडचे अस्सल रवि वर्मा" आजच्या आज काढा. तीन जणांनी किंमत विचारलीय.