'आयुष्यभर टिकणारा' एअर फिल्टर आणि त्यातून आत जाणारी धूळ

मोटारसायकलला धुऊन पुन्हा वापरता येणारा एअर फिल्टर बसवा, तो आयुष्यभर बदलावा लागणार नाही, पिकअप सुधारेल आणि वर मायलेजही वाढेल, असे तिन्ही दावे एका दमात करणाऱ्यांचा मला आता मनस्वी संताप येतो. मी त्या दाव्यांवर विश्वास ठेवला आणि कित्येक महिने माझ्या इंजिनाला धूळ खाऊ घातली.

एकदा सहज एअरबॉक्स, म्हणजे फिल्टर ज्यात बसतो तो डबा, उघडला आणि फिल्टरच्या पलीकडे, थ्रॉटल बॉडीकडे (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या भागाकडे) जाणाऱ्या रबरी नळीत आतून बोट फिरवले. ती बाजू स्वच्छ असायलाच हवी, कारण तिच्यापुढे थेट इंजिन आहे. बोटाला तेलकट, करडा थर लागला आणि तो अंगठ्यावर चोळल्यावर त्यातली कचकच स्पष्ट जाणवली. खात्री करून घ्यावी म्हणून नळी पुसली, आतून ग्रीसचा पातळ हात दिला, काही दिवस नेहमीसारखी गाडी चालवली आणि पुन्हा पाहिले, तर ग्रीसवर बारीक कण चिकटलेले होते. मूळचा कागदी फिल्टर परत बसवून हाच प्रयोग केला, तेव्हा ग्रीस जवळजवळ जसेच्या तसे राहिले. हे विक्रेत्याला सांगितल्यावर त्याने शांतपणे उत्तर दिले, "तुमच्याकडून तेल कमी लागलं असेल."

म्हणजे चूक ग्राहकाचीच! या सुती जाळीच्या फिल्टरमध्ये धूळ पकडण्याचे बरेचसे काम तेल करते. ते कमी पडले तर धूळ आत जाते. जास्त झाले तर हवेची वाट अडते आणि जादा तेल पुढे नळीत ओघळते. धुण्याचेही सोपस्कार आहेत. खास क्लीनर मारून थांबायचे, स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे हलक्या धारेने पाणी सोडायचे, हवेच्या दाबाने किंवा उष्णतेने न वाळवता तो आपोआप वाळू द्यायचा, मग प्रत्येक घडीवर बेताने तेल सोडून ते सगळीकडे मुरेपर्यंत वाट पाहायची. तोवर गाडी उभी. विकताना यातले एक अक्षरही सांगितले जात नाही, सांगतात ते फक्त 'धुवा आणि बसवा'.

आणि आत जाणारी धूळ म्हणजे काही निरुपद्रवी माती नव्हे. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. खनिजांची कठीणता १ ते १० अशी मोजणाऱ्या मोह्जच्या मापनावर त्यांची कठीणता ७ आहे आणि साधे पोलाद त्यापुढे मऊ ठरते. हे कण पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये सापडले की पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. ती झीज एका दिवसात दिसत नाही, म्हणूनच 'माझ्या गाडीला तर काहीच झालं नाही' असे छातीठोकपणे सांगणारे इतके भेटतात.

पिकअपच्या दाव्याचा तर मला सर्वांत जास्त राग आहे. १५० सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन ८,००० आरपीएमवर पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला फार तर ६०० लिटर हवा ओढते, आणि एरवी ज्या वेगाने आपण गाडी चालवतो तिथे त्याच्या कितीतरी कमी. त्या वेळी हवेला मुख्य अडसर असतो तो अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलच्या झडपेचा, स्वच्छ फिल्टरचा नव्हे. मग फरक जाणवतो कशाने? हवा ओढण्याचा आवाज वाढतो आणि आवाज वाढला की गाडी जोरात पळते असे वाटते. कार्ब्युरेटरच्या गाडीवर तर एअरबॉक्स काढून उघडा फिल्टर लावतात, पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे बारीक छिद्राचे जेट मात्र बदलत नाहीत. मिश्रणात पेट्रोल कमी पडते, इंजिन अडखळते आणि जास्त तापते, आणि या उद्योगाला म्हणे 'अपग्रेड' म्हणायचे.

मायलेजचेही तसेच. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये कार्ब्युरेटरऐवजी इंधन फवारणाऱ्या इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल मोटारी तपासल्या, तेव्हा फिल्टर चोंदल्यानेही इंधनाच्या वापरात लक्षणीय फरक पडत नसल्याचे दिसले. फरक पडला तो वेग घेण्यात. चोंदलेल्या फिल्टरने जे मायलेज घटत नाही, ते जरा मोकळ्या फिल्टरने वाढेल कसे?

चिखल-मातीत चालणाऱ्या गाड्यांना तेल लावलेला फोमचा फिल्टर मुळातच असतो आणि ते लोक तो जवळजवळ प्रत्येक फेरीनंतर धुतात. त्यांच्याशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे रोज कामावर जाणाऱ्या माणसाला, अनेक कागदी फिल्टर येतील एवढे पैसे आणि वर क्लीनर-तेलाचा खर्च करायला लावणाऱ्यांशी. एअर फिल्टरच्या चाचणीसाठी आयएसओ ५०११ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ठरावीक धूळ सोडून किती अडली आणि हवेला किती अडथळा झाला, हे मोजतात. मी घेतलेल्या फिल्टरच्या खोक्यावर ज्वाळांचे चित्र होते, 'जास्त हवा, जास्त ताकद' असे ठळक अक्षरांत छापलेले होते, आणि तो किती धूळ अडवतो याचा एकही आकडा चारही बाजूंना कुठेच नव्हता.