‘फरक ०.०८, मग रिपोर्टवर ०.६० कुठून आलं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा जरा राग आला, दुसऱ्यांदा वही काढून बसलो. तुमचे आक्षेप दोन. मागच्या लेखातल्या कव्हरवर सगळी रीडिंग (ड्रॉइंगवरच्या मूळ रेषेपासून कड किती मिमी बाहेर आहे ते) +०.२२ ते +०.३० होती, म्हणजे फरक जेमतेम ०.०८. ड्रॉइंगवर प्रोफाइल, म्हणजे आकाराला दिलेली टॉलरन्स (किती फरक चालेल ते), ०.५. तरी जॉब रिजेक्ट आणि रिपोर्टवर ०.६०. ‘हा आकडा काय हवेतून काढला?’ असं तुम्ही विचारलंय. शिवाय गोलातल्या यू बद्दल (टॉलरन्स आत-बाहेर असमान वाटायचं चिन्ह) मी लिहिलेलं आयएसओच्या ड्रॉइंगला चालत नाही, असंही म्हटलंय.

दुसरा आक्षेप आधी घेतो, कारण तिथे मी सपशेल चुकलोय. अमेरिकन ड्रॉइंग स्टँडर्ड वाय १४.५ मध्ये २००९ पासून ‘०.५, गोलात यू, ०.१’ असं लिहितात. अर्थ असा की ०.५ पैकी ०.१ मटेरियल वाढण्याच्या बाजूला, उरलेले ०.४ आत. आयएसओमध्ये यूझेड लिहितात आणि तिथला आकडा वेगळंच सांगतो: झोनचा, म्हणजे मान्य पट्ट्याचा, मध्य मूळ आकारापासून किती सरकवायचा. म्हणजे हीच गोष्ट तिथे ‘०.५ यूझेड −०.१५’ होते. मी ‘अक्षर बदला, आकडा तोच ठेवा’ असं ठोकून दिलं होतं. तसं कुणी केलं तर झोन ०.३५ बाहेर आणि ०.१५ आत जाईल, म्हणजे जवळजवळ उलटाच. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी हटणार नाही.

त्या ड्रॉइंगवर अर्धवर्तुळाचं चिन्ह, ०.५ आणि पुढे ए, बी, सी हे डेटम, म्हणजे मोजणीचे आधार, होते. ए म्हणजे बसायचा फेस, बी आणि सी दोन डॉवेलची (जागेवर बसवणाऱ्या पिनांची) भोकं. लीडरच्या (बाणाच्या रेषेच्या) कोपऱ्यावर छोटा गोल, म्हणजे टॉलरन्स अख्ख्या बाहेरच्या कंटूरला (कडेला), चहूबाजूंनी. कंटूरची सगळी मापं चौकटीत. चौकटीतल्या मापाला स्वतःची टॉलरन्स नसते, टायटल ब्लॉकमधली सर्वसाधारण टॉलरन्सही त्याला लागत नाही. ते फक्त मूळ रेषा कुठे आहे ते सांगतं. त्या रेषेच्या बाहेर ०.२५ आणि आत ०.२५, एवढीच जागा आपल्याला मिळते.

शेताचा बांध कितीही सरळ घाला, तो शेजाऱ्याच्या गटात दोन फूट गेला असेल तर मोजणीवाला सरळपणाचं कौतुक करत नाही, नकाशा उघडतो. आपलं कव्हर तसंच होतं. आकार सुरेख, पण रेषेच्या बाहेर. जिथे +०.३० आहे तिथे तो ०.०५ ने हद्द ओलांडतो. रिपोर्टवरचं ०.६० म्हणजे मूळ रेषेपासूनच्या सगळ्यात मोठ्या विचलनाची दुप्पट: ०.३० गुणिले २. सगळे पॉइंट सामावतील असा झोन मूळ रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखा वाढवत नेला, तर तो एवढा रुंद करावा लागतो.

यातला थोडा गोंधळ जुनाच आहे. अमेरिकन स्टँडर्डच्या १९९४ च्या गणिती व्याख्येत प्रोफाइलचे बाहेरचा आणि आतला असे दोन वेगळे आकडे होते. २०१९ च्या आवृत्तीत एक आकडा आला. पण दोन आकड्यांची वजाबाकी करून टॉलरन्सशी ताडायची, असं तेव्हाही नव्हतं.

आता तुमचा ०.०८. तो मी निरुपयोगी म्हणत नाही, उलट त्यानेच आम्हाला वाचवलं. सगळीकडे सारखंच जास्त मटेरियल राहिलंय म्हणजे मशीन हललेलं नाही, फिक्श्चर सरकलेलं नाही. फिक्श्चर सरकलं असतं तर एका बाजूला प्लस आणि समोर मायनस आलं असतं. ऑपरेटरला कटर काढायला लावला आणि मायक्रोमीटर लावला: १६ च्या एंडमिलचा (कटरचा) व्यास १५.४८. धार लावून आलेला कटर परस्पर चढवला होता आणि डी ऑफसेटमध्ये (मशीनला सांगितलेल्या कटरच्या त्रिज्येत) अजून ८.००० च बसलं होतं. खरी त्रिज्या ७.७४, फरक ०.२६, आणि रीडिंगचा मध्यही बरोबर ०.२६. ऑफसेट बदलून तोच जॉब पुन्हा फिरवला. रीडिंग −०.०४ ते +०.०४, रिपोर्टवर ०.०८. मटेरियल प्लसमध्ये होतं म्हणून निभावलं, मायनसमध्ये असतं तर तो भंगारात गेला असता.

‘बेस्ट फिट मारला असता तर पास झाला असता’ असंही तुम्ही लिहिलंय. बेस्ट फिट म्हणजे मोजलेले पॉइंट मूळ आकारावर जमेल तितके जुळवून घेणं. डेटम दिलेले असताना बेस्ट फिट मारणं म्हणजे डॉवेल कुठे आहेत ते विसरून जाणं. ज्यावर कव्हर बसतं ते हाउसिंग ते विसरत नाही. आणि डेटम नसते तरी हा जॉब वाचला नसता. बेस्ट फिट जॉबला सरकवतो, फिरवतो. लहान करत नाही. बंद कंटूर चहूबाजूंनी ०.२६ ने फुगलेला असेल तर डावीकडे सरकवून उजवीकडचं वाढणारच.

बाकी तुमच्या फोर्जिंगवर वर्षानुवर्षं मॅक्स वजा मिन धरून जॉब पास होतायत, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त त्या ड्रॉइंगवर प्रोफाइलच्या चौकटीत डेटमची अक्षरं आहेत का, आणि बाण एका सपाट फेसवर आहे की वळणाच्या पृष्ठभागावर, एवढं बघून कळवा. अक्षरं नसतील आणि एकच सपाट फेस असेल, तर ती प्रोफाइल म्हणजे व्यवहारात फ्लॅटनेसच (सपाटपणाची टॉलरन्स), आणि तिथे तुमचा हिशोब अगदी बरोबर आहे.