म्हणे दिवसा उल्का दिसत नाही!

मावशीला भर उन्हात आभाळातून एक लख्ख गोळा सर्रकन जाताना दिसला. तिनं ते ग्रुपवर सांगितलं, तर एका शहाण्यानं सगळीकडे फिरणारा मेसेज तिच्या तोंडावर फेकला: 'दिवसा उल्का दिसूच शकत नाही. तो कोसळणारा उपग्रह. आवाज आला नाही म्हणजे धोका टळला, बिनधास्त खिडकीतून व्हिडिओ काढा. पडलेला दगड तापलेला आणि किरणोत्सारी असतो.' खाली सही 'शास्त्रज्ञ' यांची. कोणते, ते विचारायचं नाही.

दिवसा दिसायला उल्का फार तेजस्वी लागते, बस्स. १० ऑगस्ट १९७२ ला अमेरिकेतल्या युटापासून कॅनडातल्या अल्बर्टापर्यंत लोकांनी ती दिवसाढवळ्या पाहिली, तिचं चित्रीकरणही झालं.

उपग्रहाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. कक्षेतलं भंगारही जळत खाली येतं. पण ते सेकंदाला सात-आठ किलोमीटरनं, तुकडे होत, रेंगाळत जातं. उल्का किमान अकरानं येते. मावशी म्हणते, 'बघ म्हणेपर्यंत संपलं.' मग?

आता तो खिडकीचा सल्ला. हा लिहिणाऱ्याला खरं तर धरून विचारायला हवं. १५ फेब्रुवारी २०१३, रशियातलं चेल्याबिन्स्क, सकाळचे सव्वानऊ होऊन गेलेले. सुमारे वीस मीटरचा दगड जमिनीपासून तीसेक किलोमीटरवर फुटला. प्रकाश तत्क्षणी दिसला, आवाज नाही. आवाजाला एवढं अंतर कापायला दीड मिनिट तरी लागतंच! तेवढ्यात लोक 'काय झालं' म्हणून काचांना नाक लावून उभे राहिले आणि मग धक्का आला. जवळपास दीड हजार जखमी, बहुतेक फुटलेल्या काचांनी. एका शिक्षिकेनं मुलांना बाकांखाली बसवलं. मुलं वाचली, तिला स्वतःला मात्र काच लागली. म्हणजे लखलखाट झाला आणि आवाज नाही, तर खिडकीपासून लांब व्हायचं. मेसेज नेमकं उलटं सांगतोय.

दगडाचं काय? बाहेरचा थर वितळून वरच उडून जातो, शेवटचे काही किलोमीटर तो साध्या दगडासारखा पडतो. हाताला फार तर कोमट लागेल. किरणोत्सार नेहमीच्या खडकाइतकाच. नुसत्या हातानं उचलू नये हे बरोबर, पण ते दगड खराब होऊ नये म्हणून.

मावशीकडून वेळ, दिशा, किती सेकंद दिसलं, सगळं लिहून घेतलंय. आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेचा ऑनलाइन फॉर्म असतो, तो आज भरतोय. ग्रुपवरच्या शहाण्याला चेल्याबिन्स्कचा व्हिडिओ पाठवलाय, आवाज चालू ठेवून बघ म्हटलं.