कुष्ठरोग, घटस्फोट आणि जिनिव्हाचा तथाकथित हुकूम

"जिनिव्हातले परदेशी तज्ज्ञ आता आपली लग्नं ठरवणार! त्यांच्या हुकमावरून कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून काढलं. उद्या रोग लपवून स्थळं गळ्यात मारतील. या समित्यांवर आपलेच पैसे उधळतात." मावशीने हा मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला, तोही मामेबहिणीचं लग्न ठरत असताना. मुलाच्या वडिलांनी फार पूर्वी कुष्ठरोगाचे उपचार पूर्ण केलेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून गप्प बसवत नाही.

कसला हुकूम? मेसेजमधले 'जिनिव्हातले तज्ज्ञ' म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेची सल्लागार समिती, १८ जणांची. परिषद विषय देते, समिती अभ्यास करून मसुदा देते. स्वतः ठराव करायचाही अधिकार तिला नाही. कुष्ठरोग्यांबाबतच्या भेदभावावरची तत्त्वं तिने २०१० मध्ये लिहून दिली आणि डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्यांची दखल घेतली. हा रोग घटस्फोटाचं कारण नसावा, हे त्यात आहेच. पण कायदा बदलला आपल्या संसदेने, २०१९ मध्ये, आणि त्यामागे न्या. अजित प्रकाश शहा यांच्या विधी आयोगाचा २०१५चा २५६वा अहवाल होता. मेसेज पुढे ढकलण्याआधी तो अहवाल उघडून बघा.

सगळ्यात संताप येतो तो 'लपवून गळ्यात मारतील' याचा. फसवून लग्न लावलं असेल तर ते रद्द करून घेण्याची सोय हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये आजही आहे. काढलं ते १९५५चं कलम, 'असाध्य' कुष्ठरोगाचं. आज बहुविध औषधोपचाराने हा रोग सहा किंवा बारा महिन्यांत बरा होतो, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि उपचार सुरू झाले की संसर्ग पसरायचा थांबतो. बऱ्या झालेल्या माणसाच्या मुलाला नकार द्यायला यातलं कुठलं कारण उरतं? आनंदवन ज्या महाराष्ट्रात उभं राहिलं, तिथे हे पुन्हा सांगावं लागतंय.

पैशांचं म्हणाल, तर ही समिती वर्षाला जास्तीत जास्त दहा दिवस बसते.

एक मान्य करावं लागेल: या तज्ज्ञांची नावं सरकारंच सुचवतात, त्यामुळे सगळेच सारखे स्वतंत्र नसतात. आणि सल्ला बंधनकारक नसल्याने तो पडून राहतो. २०१०च्या तत्त्वांनंतर आपला कायदा बदलायला नऊ वर्षं गेली, आणि तेवढी वर्षं ते कलम बायकांना घराबाहेर काढायला हाताशी होतं.