पांढरी पाच आणि अठरा हजार

अण्णांनी माझी इलेक्ट्रिक गिटार पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी ती वाजवत नव्हतो. ॲम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला, जोडून नुसता बसलो होतो. अण्णा आतल्या खोलीतून आले, डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "तंबोरा बरा आहे. पण पांढरी पाचच्या किंचित चढा लागलाय. तेवढा उतरव."

अण्णा पन्नास वर्षं पेटी वाजवतात, त्यामुळे त्यांचं निदान चुकत नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. पांढरी पाच, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी, सप्तकासप्तकाने खाली नेत गेलं की ४९ला सापडते. आणि माझ्या गिटारीतले पिकअप ट्यूबलाइटपासून फ्रिजपर्यंत घरातल्या प्रत्येक वायरीचं गुणगुणणं इमानेइतबारे गोळा करून ॲम्पमधून ऐकवत होते. हा तंबोरा उतरवायचा तर वीज मंडळाला अर्ज करायला हवा होता. मी त्याऐवजी पिकअप बदलायचं ठरवलं. अर्ज स्वस्त पडला असता.

पिकअप म्हणजे काय, तर तारांखाली बसवलेलं चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. बस, एवढंच. पोलादी तार चुंबकासमोर थरथरली की कॉइलमध्ये वीज उमटते. फॅरेडेने हे १८३१ साली दाखवून दिलं आणि पुढे दहावीत आम्हाला त्यावर पाच मार्कांचा प्रश्न आला. कॉइलची तार केसाहून बारीक आणि वेढे सात-आठ हजार. उलगडली तर किलोमीटरभर जाईल, म्हणजे डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलंय त्याच्या एक चतुर्थांश.

माझी गिटार म्हणजे फेंडर कंपनीच्या, १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारची लांबची, गरीब नातेवाईक. तिच्यातले तीन पिकअप सुटे घेतले तर दीड हजारात येतात. त्यांत लोखंडी खिळे असतात आणि खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली असते. आमच्या फ्रिजवर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ज्या जातीच्या चुंबकाने चिकटली आहे, त्याच जातीची. महागड्या पिकअपमध्ये खिळेच चुंबकाचे असतात, तेही अल्निकोचे. लोखंडात ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट, म्हणजे जवळजवळ पंचधातूची मूर्तीच. किंमत अठरा हजार. वर्णनं वाचायला बसलो तर लोणी, मध, धूर, ऊब, काच असे शब्द. काच सोडली तर सगळं होमाचं साहित्य.

या वेडाला इतिहासही भरभक्कम आहे. फेंडरच्या कारखान्यात १९५६ सालापासून अबिगेल इबारा नावाच्या बाई कॉइलं गुंडाळत होत्या. त्यांच्या हातचा पिकअप सापडला की लोक आजही पाकीट उघडतात. तिकडे गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीत सेठ लव्हर यांनी १९५५ साली दोन कॉइलांच्या पिकअपच्या, म्हणजे हंबकरच्या, पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट मिळायला १९५९ उजाडलं. मधल्या काळात पिकअपच्या बुडाला 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' असा स्टिकर लावत. त्या वेळी वेढे मोजूनमापून पडत नसत, कधी कमी कधी जास्त. त्या गफलतीलाच आता लाखाचा भाव आहे. आमच्याकडे 'अर्ज केला आहे' या एवढ्या भांडवलावर साधं रेशनकार्ड मिळत नाही.

हंबकरमध्ये एक कॉइल जे घुमते ते दुसरी उलटं घुमून खोडून काढते, तारेचा आवाज मात्र दोघी मिळून पुढे नेतात. एकमेकांची कुरकुर खोडायची आणि काम एकत्र करायचं, हे आमच्या सोसायटीच्या कमिटीला अजून जमलेलं नाही. मग मी हंबकर का नाही घेतला? कारण मला सिंगल कॉइलचाच तो लखलखीत आवाज हवा होता, फक्त घुमणं नको होतं. फणस हवा, चीक नको.

मावसभाऊ न्यू जर्सीहून येणार होता, त्याला सेट आणायला सांगितलं. तिकडची वीज ६० हेलकाव्यांची आहे, असं त्याने बोलता बोलता सांगितलं. अण्णांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि ते ताठ बसले. "पन्नासाला साठ? म्हणजे कोमल गंधार!" अमेरिकेबद्दल त्यांना आदर वाटलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

डबा उघडल्यावर पहिल्यांदा रोध मोजायला मल्टिमीटर लावला. जुना पिकअप ६.२ किलोओहम, नवा ६. पैसे बारापट आणि ओहम कमी! रात्रभर तळमळलो. मग वाचनात आलं की या आकड्यावरून आवाज कळत नाही. शिवाय तांबं तापलं की अंशागणिक साधारण ०.४ टक्क्याने रोध वाढतो. म्हणजे एप्रिलच्या दुपारी गॅलरीत ठेवला असता तर माझा पिकअप सहज बरोबरीला आला असता. हे बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग पापडांबरोबर ठेव."

सोल्डरिंगचं सामान आणायला तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने विचारलं, "मिक्सर की इस्त्री?" मी गिटार म्हटल्यावर त्याने पोराला हाक मारली आणि "साहेबांना लहान मुलांचं दाखव" असं सांगितलं.

रविवारी सकाळी डायनिंग टेबलावर शस्त्रक्रिया सुरू झाली. तारा सोडल्या, त्या सुटताना एक गालाला चाटून गेली. पांढऱ्या प्लॅस्टिकची पाटी उचलली तर खाली वायरींचा गुंता, थेट आमच्या जिन्याखालच्या मीटरच्या खोलीसारखा. सोल्डर मारताना राळेचा धूर निघाला. आतून आईचा आवाज आला, "आज कुठला सण रे?" आणि ती हात जोडून बाहेर आली. गिटारीला नमस्कार घडला. माझ्या मांडीवर एक थेंब पडला तेव्हा मीही देवाचं नाव घेतलं.

चार तासांनी गिटार जोडली. आतून अण्णा म्हणाले, "अजून चढाच आहे."

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. सिंगल कॉइल दीड हजाराची असो की अठरा हजाराची, घुमते तेवढीच. चुंबक उंची असलं म्हणून वायरीतल्या विजेला भीड पडत नाही. फक्त खुर्ची फिरवून एका विशिष्ट दिशेला तोंड करून बसलं की ते कमी होतं. आमच्या घरात ती दिशा ईशान्य निघाली. शेजारच्या काकूंनी याचा वास्तुशास्त्राच्या बाजूने निकाल लावून टाकला.

बरं, घुमणं राहू दे, आवाजात तर फरक असेल? जुन्या पिकअपची अकरा रेकॉर्डिंगं मी आधीच मोबाइलवर करून ठेवली होती. तेच सूर नव्यावर वाजवले आणि घरच्यांना एका ओळीत बसवलं.

बायको म्हणाली, "पहिलं गाणं बरं होतं."

"दोन्ही गाणी एकच आहेत."

"मग दुसऱ्यात बिघडलं कुठे?"

मुलीने एका कानातला इअरफोन काढून ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, पहिल्यात कुकरची शिट्टी आहे." बायकोला लगेच आठवलं, त्या दिवशी मसालेभात होता. ज्युरीचं मत मसालेभाताकडे झुकलं. अण्णांनी शांतपणे निकाल दिला, "दोन्हींत तिसरी तार बेसूर आहे."

वाईट हे, की मलाही पहिलंच आवडलं होतं. नवा आवाज मऊ होता, पण दुलईत गुंडाळल्यासारखा. लोणी, मध, धूर वगैरे आत कुठेतरी असेल, बाहेर येत नव्हतं. शेवटी गिटार घेऊन दुरुस्ती करणाऱ्या मुलाकडे गेलो. त्याने आडवी धरून एका डोळ्याने पाहिली. "काका, पिकअप एवढे खाली बसवलेत? आवाज जिना चढून येणार का?" पिकअपच्या दोन्ही टोकांना एकेक स्क्रू असतो. त्याने ते फिरवून तार आणि चुंबक यांतलं पाच मिलिमीटरचं अंतर दोनवर आणलं. फार वरही घ्यायचा नाही म्हणाला, चुंबक तारेला ओढून धरतं आणि एका सुराचे दोन व्हायला लागतात. गिटार जोडली. तिने असा काही आवाज दिला की दुकानातलं एक पोर मोबाइलमधून डोकं काढून बघायला लागलं.

"किती झाले?"

"द्या शंभर."

घरी येताना सिग्नलवर उभा असताना लक्षात आलं, जुन्या पिकअपचे स्क्रू मी सात वर्षांत एकदाही फिरवले नव्हते. म्हणजे तुलना झालीच नव्हती. एक उभा, एक बसलेला, आणि मी उंची मोजत होतो. पुढच्या रविवारी पुन्हा राळ, पुन्हा आईचा नमस्कार. जुना सेट दोन मिलिमीटरवर बसवला, ऐकला, काढला, नवा पुन्हा बसवला. आता सांगतो, फरक आहे. दार लावून, हळू, स्वच्छ आवाजात वाजवलं की अल्निकोवर पातळ तारेचा आवाज टोचत नाही, सिरॅमिकवर टोचतो. डिस्टॉर्शन लावलं, म्हणजे आवाज मुद्दाम फाडला, की मात्र दोघं एकाच माळेचे मणी. दोन-अडीच हजारांचा फरक मला नक्की ऐकू येतो. उरलेल्याचा शोध चालू आहे.

हा हिशोब मी अण्णांना सांगितला तेव्हा ते पेटी पुसत होते. या पेटीत जर्मन रीड, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी जिभा, आहेत, हे आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी सांगितलं जातं. १९७४ साली चार महिन्यांचा पगार त्यात गेला. पालिताण्याच्या रीडची पेटी निम्म्यात मिळत होती. आजोबा पंधरा दिवस बोलले नव्हते.

"तुम्हाला फरक कळायचा?" मी विचारलं.

"म्हणजे काय!" अण्णा म्हणाले. मग बराच वेळ एकच पट्टी पुसत राहिले. "दुकानदार म्हणाला होता जर्मन आहेत. दुरुस्तीवाला पेटी उघडायला लागला की मी चहाला निघून जायचो."

माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, मी पेटीच्या वरच्या फळीकडे पाहिलं. चारच स्क्रू होते.

अण्णांनी भात्याची कडी काढली.

"लाव तुझा तंबोरा," ते म्हणाले. "पांढरी पाचमध्ये घेतो."

"किंचित चढा आहे तो."

"असू दे."